दंतवैद्याच्या खुर्चीत लपवू नये असे काही

चातुर्मासातील एक दृश्य डोळ्यांसमोर आणू. पंचेचाळीस वर्षांच्या एका व्यापारी गृहस्थाने अठ्ठाई पूर्ण केली. पारण्याच्या दुसऱ्याच दिवशी दाढेने ठणका धरला, म्हणून तो पेठेतील दंतवैद्याकडे गेला. "कोणती औषधे चालू आहेत का?" या प्रश्नाला त्याने "काही नाही" असे उत्तर दिले. दंतवैद्य ओळखीचा, त्याच्या दवाखान्यात अर्धी पेठ येते, आणि घरात मुलीसाठी स्थळे पाहणे सुरू आहे. म्हणून गेली दहा वर्षे नियमाने घेत असलेल्या लिथियमच्या गोळीचा उच्चार झाला नाही. दंतवैद्याने वेदनेसाठी आयबुप्रोफेन लिहून दिले. चार दिवसांत हात थरथरू लागले, चाल डगमगू लागली, उलट्या आणि जुलाब सुरू झाले. घरच्यांनी तो तपश्चर्येचा अशक्तपणा मानला. प्रत्यक्षात रक्तातील लिथियम विषारी पातळीकडे चालले होते.

हा प्रसंग कल्पिलेला आहे, परंतु त्यातील प्रत्येक दुवा वैद्यकशास्त्रास परिचित आहे. लिथियम हा एक साधा क्षार. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी 1949 मध्ये उन्मादावरील त्याचा गुण जगापुढे मांडला. कधी अतिउत्साह तर कधी खोल खिन्नता अशा लाटांत माणसाला हेलकावणाऱ्या बायपोलर विकारावर आजही ते एक प्रमुख औषध आहे. मात्र त्याची गुणकारी पातळी आणि घातक पातळी यांतील अंतर फार थोडे असते. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. शरीरातील पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते; आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळेही तसेच घडते. उपवासाची शुष्कता आणि दाढेची गोळी एकत्र आल्या की धोका वाढतो. गोळीचे नाव कळले असते, तर दंतवैद्याने पॅरासिटामॉलसारखा पर्याय निवडला असता.

मनाचे आजार विरळ नाहीत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, प्रौढांपैकी 10.6 टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. म्हणजे साधारण दहांत एक. आपली कुटुंबे त्याला अपवाद असण्याचे कारण नाही. आणि या आजारांचा, तसेच त्यांवरील औषधांचा, मुखाशी निकटचा संबंध आहे.

सर्वांत अधिक आढळणारे विकार नैराश्य आणि चिंता हे होत. नैराश्यात माणसाची अंघोळीचीही इच्छा मावळते, मग दात घासणे दूरच राहते. उपचार सुरू झाल्यावर मन सावरते, पण काही औषधांमुळे तोंड कोरडे पडते. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांत हा त्रास अधिक. लाळ ही दातांची नैसर्गिक रक्षक आहे. अन्नातील साखरेपासून जंतू आम्ल तयार करतात आणि लाळ ते निष्प्रभ करते. ती आटली की काही महिन्यांत हिरडीलगत कीड दिसू लागते. कोरड पडते म्हणून दिवसभर खडीसाखर किंवा गोड गोळ्या चघळणे हा त्यावर सर्वांत घातक उपाय होय.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही आज सर्रास दिली जाणारी औषधे. त्यांमुळे काहींना झोपेत दात करकरा खाण्याची सवय लागते आणि सकाळी जबडा दुखतो. रक्त गोठण्यावरही त्यांचा किंचित परिणाम होतो. जोडीला अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन असेल, तर दात काढल्यावर रक्तस्राव लांबू शकतो. चिंतेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेणाऱ्यास दंतवैद्याने गुंगीचे आणखी औषध दिले, तर ग्लानी प्रमाणाबाहेर वाढते.

स्किझोफ्रेनियावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यास ओठ, जीभ व जबडा यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होऊ शकतात. अशा वेळी कवळी जागेवर राहत नाही आणि दोष कवळीच्या मापाला दिला जातो. क्लोझापिन घेणाऱ्यांच्या तोंडातून रात्री उशी भिजेपर्यंत लाळ गळते. त्यांना ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आल्यास पांढऱ्या पेशींची तपासणी तातडीने करावी लागते. ते नुसते 'तोंड येणे' समजू नये. ज्यास आपण मंत्रचळ म्हणतो, त्या विकारात काही जण दिवसातून अनेकदा जोर लावून दात घासतात आणि हिरड्या मागे सरकतात. खाऊन गुपचूप उलटी करणाऱ्या तरुण मुलींच्या वरच्या पुढील दातांची आतली बाजू आम्लाने झिजते. घरात कोणालाच ठाऊक नसलेला हा आजार कित्येकदा प्रथम दंतवैद्याच्याच ध्यानी येतो.

आता तपाविषयी. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर नामकर्माची जी सोळा कारणे सांगितली आहेत, त्यांत त्याग आणि तप यांना 'यथाशक्ति' ही मर्यादा घातलेली आहे. औषधावर असलेल्या साधकाने आपली शक्ती ओळखताना वैद्यांचाही विचार घ्यावा. लिथियम घेणाऱ्याने दीर्घ उपवासाचे, विशेषतः चौविहार उपवासाचे, पच्चक्खाण घेण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांना अवश्य विचारावे आणि ही अडचण महाराजसाहेबांसमोरही निःसंकोच ठेवावी. रोजचा चौविहार पाळणाऱ्यांना गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता येईल का, हे डॉक्टर सांगू शकतात. कॅप्सूलच्या जिलेटिनची अडचण असेल, तर पुष्कळदा तेच औषध गोळीच्या रूपात मिळते. संकोचाने औषध स्वतःहून बंद करणे मात्र कधीही योग्य नाही. दात काढण्यासाठीसुद्धा नाही.

तोंड कोरडे पडणाऱ्यांनी दिवसा घोटघोट पाणी प्यावे, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट वापरावी आणि सायंकाळच्या भोजनानंतर, सूर्यास्तापूर्वीच, दात स्वच्छ करावेत. कारण रात्री लाळ आणखी कमी होते. सुपारी आणि तंबाखू वर्ज्य कराव्यात. वेदना होण्याची वाट न पाहता दर सहा महिन्यांनी, दंतवैद्य सांगतील तर त्याहून लवकर, तपासणी करून घ्यावी.

राहिला प्रश्न लोक काय म्हणतील याचा. ही भीती खोटी आहे असे कोण म्हणेल? मुलामुलींच्या विवाहाच्या बोलण्यांत एका कुजबुजीने काय होते, हे आपण सारेच जाणतो. परंतु 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि उपचारात कळलेली माहिती गुप्त राखणे हे आरोग्यसेवा देणाऱ्यांचे कर्तव्य ठरवले आहे. स्वागतकक्षात सर्वांदेखत काही बोलण्याची गरज नाही. औषधांची नावे व मात्रा एका कागदावर लिहून ती चिठ्ठी आत गेल्यावर दंतवैद्याच्या हाती द्यावी. ओळखीच्या दवाखान्यात फारच अवघड वाटत असेल तर दुसऱ्या गावचा दंतवैद्य गाठावा, पण त्यास सर्व सांगावे. मनाच्या त्रासासाठी कोणाकडे जावे हेच उमगत नसेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध आहे.

आपण पेढीवाले लोक. वहीतील एक नोंद दडवली तर ताळेबंद जुळत नाही, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. दंतवैद्यासमोर दडवलेल्या एका गोळीची किंमत प्राणांनी मोजावी लागू शकते. येत्या पर्युषणापूर्वी आपल्या घरात कोण कोणती औषधे घेते, त्याची यादी शांतपणे एकत्र बसून करावी. ती करताना घरातील एखाद्याने इतकी वर्षे मनात ठेवलेले काही सांगितले, तर ते ऐकून घ्यावे.