बोध, प्रीती आणि कादंबरी



ख्रिस्ती धर्मबोधाच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांवर बोलणार असे मी कळवले, तेव्हा मंडळातल्या एकदोघांना नवल वाटले. तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर असताना संघटनेचा माणूस दर आणि बोनस सोडून कादंबऱ्यांकडे कसा वळला, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर सोपे आहे. मजुरीचा हिशेब कळावा म्हणून मी वाचायला लागलो आणि वाचता वाचता गोष्टींत गुंतलो, तो आजपर्यंत सुटलेलो नाही. दुसरे असे की, माणसाचे मन कसे वळते आणि वळलेले मन टिकते कशाने, हा आमच्या कामातला रोजचा प्रश्न आहे. या कादंबऱ्यांचाही तोच प्रश्न आहे. म्हणून विषय मला परका वाटत नाही.

या कादंबऱ्यांचा साचा प्रथम ध्यानात घेऊ. काळ जुना असतो. नायक किंवा नायिका यांपैकी एकजण श्रद्धावान असतो आणि दुसरा श्रद्धा हरवलेला, नाहीतर तिचा वैरी. दोघांची प्रीती जडते. पण लग्नाआड श्रद्धा उभी असते. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, विश्वास ठेवणाऱ्याने विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड जूं घेऊ नये असा उपदेश आहे. त्याच उपदेशावर या कथेची सारी रचना उभी असते. संकट येते, गर्व गळतो, हरवलेले माणूस देवाकडे वळते आणि मग लग्नाचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे कथेत दोन गाठी असतात, एक प्रीतीची आणि एक श्रद्धेची. दुसरी सुटल्यावाचून पहिली बांधायची नाही, असा नियम.

पाश्चात्य देशांत या साच्याची मोठी परंपरा आहे. अमेरिकेत ल्यू वॉलेस या सेनापतीने 1880 साली ‘बेन-हर’ लिहिली. सूडाने पेटलेला यहुदी राजपुत्र शेवटी ख्रिस्ताकडे वळतो, अशी ती कथा. 1959 साली निघालेल्या तिच्या चित्रपटामुळे रथांची शर्यत पुष्कळांना ठाऊक आहे. पोलंडच्या हेन्रिक सिएन्किएविचची ‘क्वो वादिस’ 1896 साली पुस्तकरूपाने आली. नीरो बादशहाच्या रोममधला उमराव विनिशियस आणि ख्रिस्ती तरुणी लिजिया यांची ती प्रेमकथा आहे. या लेखकाला 1905 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी पोलंड हे राष्ट्र नकाशावर नव्हते, तीन साम्राज्यांनी ते वाटून घेतले होते. तेव्हा बलाढ्य रोमपुढे न वाकणारे मूठभर लोक वाचताना पोलिश वाचकाला स्वतःचेच लोक आठवले, तर त्यात आश्चर्य नाही. अलीकडच्या काळात कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या 1979 सालच्या ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ या कादंबरीने या वाङ्मयाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. तिची नायिका मार्टी ही पश्चिमेकडे नवी जमीन शोधायला निघालेली तरुण स्त्री. वाटेत नवरा मरतो, पोटात मूल, जवळ आसरा नाही. क्लार्क नावाचा विधुर तिला सांगतो, माझ्या मुलीला आई हवी आहे, तुला छप्पर हवे आहे. लग्न आधी होते आणि प्रीती व श्रद्धा मागून सावकाश येतात. 1991 साली फ्रान्सिन रिव्हर्स यांची ‘रिडीमिंग लव्ह’ आली. बायबलातील होशेय संदेष्ट्याची कथा त्यांनी सोन्याच्या शोधात धावणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या कॅलिफोर्नियात नेऊन बसवली.

गोष्ट जुन्या काळात का घालतात? एक कारण असे की, त्या काळी मरण जवळ होते. साथ, दुष्काळ, बाळंतपण यांनी माणूस केव्हाही जाई, आणि देवाचा धावा करणे हे रोजच्या बोलण्यातले होते. आजच्या नायकाने गुडघे टेकले तर वाचक साशंक होतो, जुन्या काळच्या नायकाने टेकले तर होत नाही. दुसरे कारण, जुन्या काळात लग्नाचा प्रश्न स्त्रीच्या बाबतीत पोटाचाच प्रश्न होता. मार्टीला निवड करायची होती ती छप्पर आणि उघडे आकाश यांच्यातून. अशा कथेत थोडक्याने पुष्कळ पणाला लागते.

पण यासाठी कॅलिफोर्नियाला जायलाच हवे असे नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा मान मानला जातो ती ‘यमुनापर्यटन’ याच कुळातली आहे. बाबा पदमनजी यांनी ती 1857 साली प्रसिद्ध केली. त्यांचा जन्म 1831 सालचा, बेळगावचा. 1854 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणजे हा ग्रंथ झाला तेव्हा ते पंचविशीतले होते आणि धर्मांतराला तीनच वर्षे झाली होती. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण, असे या पुस्तकाचे दुसरे नावच आहे. शिकलेली यमुना आणि तिचा सुधारक वृत्तीचा नवरा विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात. दोघांचाही ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे. पुढे विनायक मरतो. दुसऱ्यांच्या कहाण्या ऐकणारी यमुना स्वतःच त्या कहाणीत पडते, केशवपनाचे संकट तिच्यापुढे उभे राहते. अखेर ती ख्रिस्ती होते आणि एका ख्रिस्ती गृहस्थाशी तिचे लग्न होते. मार्टीच्या आधी सव्वाशे वर्षे आमच्या मराठीत विधवा, श्रद्धा आणि दुसरे लग्न ही तिन्ही सूत्रे एकत्र ओवली गेली होती. फरक इतकाच की बाबांनी गोष्ट जुन्या काळात घातली नाही, आपल्याच काळाची सांगितली.

त्यांनी हा विषय हवेतून आणला नव्हता. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 साली, म्हणजे पुस्तकाच्या आदल्याच वर्षी झाला होता. कागदावर दार उघडले होते, पण आत जायला कोणी धजत नव्हते. त्या कायद्याचे दुसरे कलमही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विधवेने पुन्हा लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपत असे. आम्हा संघटनेच्या लोकांना अशी कलमे लवकर दिसतात. एका हाताने स्वातंत्र्य द्यायचे आणि दुसऱ्या हाताने भाकरी काढून घ्यायची. कादंबरीत यमुनेला चांगला नवरा मिळतो, म्हणून हा पोटाचा प्रश्न आपोआप मिटतो. बाहेरच्या विधवांचा तो तसा मिटत नव्हता.

येथे आपल्या भागातल्या वाचकाने थोडे थांबावे. पुस्तकाच्या नावात हिंदुस्थानातील विधवा आहेत. पण ज्यांच्यावर पुनर्विवाहाची बंदी होती त्या मुख्यतः वरच्या म्हणवणाऱ्या जातींतल्या. आपल्याकडे गोंड-माडियांत विधवेचे पुन्हा लग्न होणे ही जुनी चाल आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी कष्टकरी जातींत पाट लावला जाई. प्राणहितेच्या काठच्या बाईला दुसरे लग्न करायला धर्म बदलण्याची गरज नव्हती. तिचा प्रश्न वेगळा होता आणि आहे. नवरा गेला तर शेत कोणाच्या नावावर, लेकरे कोणाकडे, आणि पुडके बांधणारे दोन हात कमी झाल्यावर हंगाम कसा निभवायचा? छापील पुस्तक सगळ्या देशाच्या नावाने बोलू लागले, की त्यात आपण बसतो की नाही हे पाहणे वाचकाचे काम आहे. याने बाबांची करुणा खोटी ठरत नाही, तिची हद्द तेवढी कळते.

आता या कादंबऱ्यांवरचा मुख्य आक्षेप. त्यात श्रद्धेचे बक्षीस म्हणून सुख मिळते. यमुना ख्रिस्ती झाली आणि तिचे दुःख सरले. मग वाचक विचारतो, ती देवाकडे वळली की सुटकेच्या वाटेकडे? हा आक्षेप मला खरा वाटतो, आणि तो मी आमच्याच अनुभवावरून सांगतो. वाढीव दराचे आमिष दाखवून केलेला सभासद दर मिळाला की पावती फाडायचे विसरतो, आणि न मिळाला तर आधी निघून जातो. संप तीन आठवडे लांबला असता, घरात तांदूळ नसता जो थांबतो, त्याचे मन वळलेले असते. गोष्टीतही कसोटी तीच. बक्षीस काढून घ्या आणि पाहा, पात्र अजून उभे राहते काय?

या कसोटीला उतरणारी पुस्तके आपल्याकडे आहेत. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात येऊ लागली. तिच्या नायिकेचे नावही यमुनाच. तीही शिकते, तिलाही समजूतदार नवरा मिळतो, तीही विधवा होते. पण हरिभाऊंच्या यमूला सुटकेचे दार नाही. तिचे केशवपन होते आणि ती खंगून मरते. एकाच नावाच्या दोन स्त्रिया मराठी कादंबरीत साडेतीन दशकांच्या अंतराने उभ्या आहेत. बाबांनी वाट दाखवली, हरिभाऊंनी भिंत दाखवली. लोकांच्या मनाला चटका लावला तो भिंतीने, हे कबूल करावे लागते. परंतु वाट दाखवणारा आधी होऊन गेला, हेही विसरू नये.

दुसरे उदाहरण कृपाबाई सत्यनादन यांचे. अहमदनगरच्या खिस्ती या धर्मांतरित ब्राह्मण घराण्यात 1862 साली त्यांचा जन्म झाला. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्या होत्या, पण प्रकृतीमुळे शिक्षण सुटले. त्यांनी इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या. ‘सगुणा’ ही त्यांच्या स्वतःच्या ख्रिस्ती घराची कथा आणि ‘कमला’ ही एका हिंदू मुलीची. 1894 सालच्या ‘कमला’मध्ये विधवा झालेल्या नायिकेला तिच्यावर खरे प्रेम करणारा पुरुष लग्नाचे विचारतो. साच्याप्रमाणे येथे धर्मांतर आणि लग्न व्हायला हवे. कमला नकार देते आणि दुःखितांच्या सेवेत आयुष्य घालवते. ती ख्रिस्तीही होत नाही. ख्रिस्ती लेखिकेने आपल्या नायिकेला आपल्या धर्मात ओढले नाही, तिला तिच्या मनाप्रमाणे वागू दिले. यातच लेखिकेच्या श्रद्धेचा भक्कमपणा दिसतो, असे मला वाटते.

आणि प्रत्यक्ष जीवन तर कोणत्याच साच्यात बसत नाही. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी लग्न केले. ख्रिस्ती बाईच्या शाळेत शिकलेल्या विधवेने धर्म न बदलता पुनर्विवाह केला. बाबांच्या यमुनेची वाट आणि हरिभाऊंच्या यमूची भिंत यांच्यामधून निघालेली ही तिसरी पायवाट एका शाळेने दाखवली.

खऱ्या ख्रिस्ती प्रेमकथेचे नाव विचाराल, तर मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे घेईन. 1934 पासून ते पुस्तक प्रसिद्ध होऊ लागले. ती कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधली पाच वर्षे पाहा. कादंबरीतला लेखक जे एका प्रकरणात उरकतो त्याला येथे ताटातूट, लोकनिंदा, सोवळे-ओवळे, राग आणि माया यांतून वर्षे लागली. पहिला घोट दुसऱ्याच्या हातचा पाण्याचा घ्यायचा की नाही, येथून सुरुवात. आणि हे सारे त्या बाईने हसत सांगितले आहे. मन वळते ते असे सावकाश वळते.

येथे कोणी म्हणेल की हे धर्मवाल्यांचे दोष झाले. नाही. गोर्कीची ‘आई’ ही आमच्या चळवळीतली अतिशय वाचली गेलेली कादंबरी. 1906 सालच्या सुमारास ती लिहिली गेली. भित्री, देवभोळी पेलागेया मुलाच्या कार्यामुळे जागी होते आणि स्वतः पत्रके वाटू लागते. साचा तोच आहे, मायेच्या वाटेने मतांतर. मग ‘आई’ का टिकली? कारण तिथे शेवटी बक्षीस नाही. मुलाला हद्दपारीची शिक्षा होते आणि आई पोलिसांच्या हाती सापडते. प्रचाराच्या पुस्तकाला आम्ही नावे ठेवू लागलो तर आमचे अर्धे कपाट रिकामे करावे लागेल. तेव्हा प्रश्न प्रचार आहे की नाही हा नाही; प्रचारकाने आपल्या माणसांना माणसे राहू दिले की नाही, हा आहे.

शेवटी एक गोष्ट या कादंबऱ्यांच्या बाजूने. पुष्कळ विद्वान त्यांना हलके वाङ्मय म्हणून बाजूला सारतात, त्यांच्या वाचक बहुतेक स्त्रिया म्हणून अधिकच. पहाटे जंगलात जाऊन दुपारी उन्हातून परतणाऱ्या बाईला, किंवा दिवसभर शाळेत मुले सांभाळून आलेल्या शिक्षिकेला, शेवट गोड असलेली गोष्ट वाचावीशी वाटली तर त्यात कमीपणा कसला? जगात माणूस बदलतो, क्षमा करता येते, मोडलेले घर पुन्हा उभे राहते, एवढा धीर त्या गोष्टी देतात. तो धीर घ्यावा. मात्र पुस्तक मिटल्यावर तीन प्रश्न स्वतःला विचारावे. या बदलाची किंमत कोणी दिली? नायिकेने नकार दिला असता तर लेखकाने तिला जगू दिले असते काय? आणि हिच्यासारखी बाई आपल्या गावात असती तर तिच्या पोटाची सोय कोणी केली असती?

आपल्या ग्रंथालयाच्या चालकांना माझी विनंती आहे की, ‘यमुनापर्यटन’, ‘पण लक्षात कोण घेतो?’ आणि ‘स्मृतिचित्रे’ ही तिन्ही पुस्तके एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवावीत, आणि एक नेणाऱ्याला दुसरे न्यायला सांगावे. पावसाळ्यात जंगलातली कामे मंदावतात, तेव्हा वाचायला सवडही असते. तिन्ही वाचून माझे म्हणणे चुकीचे वाटले, तर पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून ते कोणीतरी खोडून काढावे.