पंचाहत्तर रुपयांचं कवच आणि वर्षाचे उरलेले दिवस

गुरुपौर्णिमा झाली की जोगेश्वरी, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या मैदानांत रात्री उशिरापर्यंत दहीहंडीच्या सरावाचे थर लागू लागतात. नऊ थरांसाठी नावाजलेलं जय जवान पथक जोगेश्वरीचंच. या पोरांसाठी राज्य सरकारने 2023 साली ओरिएंटल इन्शुरन्समार्फत 50 हजार गोविंदांचा विमा उतरवला. माणशी हप्ता 75 रुपये. मृत्यू झाल्यास कुटुंबाला 10 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास 5 लाख, उपचाराला 1 लाखापर्यंत. 2025 साली हे संरक्षण दीड लाख गोविंदांपर्यंत नेण्यात आलं.

ही योजना मला मोलाची वाटते. वर्षानुवर्षं गोविंदा पडायचा, त्याचा मणका मोडायचा आणि पथकातले मित्र वर्गणी काढून इस्पितळाचं बिल भरायचे. आता त्याच्या पाठीशी कागद आहे. मंडळाने यादी करायची, आधार कार्डं गोळा करायची, सरकारने हप्ता भरायचा. गोविंदाला स्वतः काही काढावं लागत नाही, म्हणूनच विमा त्याच्यापर्यंत पोचतो.

पण गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी हाच पोरगा कामावर जातो. कुणी मरोळला परांचीवर चढतो, कुणी बोरिवलीत पावसात स्कूटरवरून जेवणाचे डबे पोचवतो, कुणी मुलुंडच्या टॉवरमध्ये ठेकेदाराकडे हाउसकीपिंग करतो. थरावरून पडला तर 10 लाख, परांचीवरून पडला तर काय, हे बहुतेकदा त्याला माहीत नसतं आणि त्याच्या मुकादमालाही सांगायचं नसतं. उत्सवाचं संरक्षण उत्सवापुरतं. कामाच्या संरक्षणाची व्यवस्था उपनगरांत एके काळी भक्कम होती, म्हणून हे अधिक सलतं.

ती व्यवस्था म्हणजे ईएसआय, कर्मचारी राज्य विमा योजना. 1948 सालचा कायदा. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरुवात झाली, मग ती मुंबईच्या कामगारवस्त्यांत आली. मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांची रांग होती, तिथे ईएसआयचं इस्पितळ उभं राहिलं. कांदिवली पूर्वेला आकुर्ली रोडवर दुसरं, अंधेरीच्या मरोळ एमआयडीसीत तिसरं. आज कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. त्यात घरच्या सगळ्यांचे उपचार, आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम, बाळंतपणाला 26 आठवडे. कामावर मृत्यू झाला तर वारसांना पगाराच्या 90 टक्के, महिन्याच्या महिन्याला. इतक्या कमी पैशांत इतकं देणारी खासगी पॉलिसी मला ठाऊक नाही.

तरी कामगाराला विचारा, तो ईएसआयचं नाव काढताच मान हलवतो. रांगा, नसलेली औषधं, बाहेरून आणायला सांगितलेल्या तपासण्या. 17 डिसेंबर 2018 रोजी मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली, रुग्णांसह अनेकांचे प्राण गेले आणि हजारो कामगार कुटुंबांचं हक्काचं इस्पितळ दीर्घकाळ विस्कळीत झालं. कपात मात्र एकाही महिन्याची थांबली नाही. माझ्या मते ईएसआयची खरी हानी इथे होते: पैसे देणाऱ्याचा विश्वासच उडतो आणि मग तो स्वतःहून म्हणतो, कापू नका, हातात द्या.

दुसरी अडचण मर्यादेची. जानेवारी 2017 पासून ईएसआयची पगारमर्यादा 21 हजार रुपयांवर आहे. मुंबईत 21 हजारांत खोलीभाडं आणि किराणा भागवणं किती कठीण, हे उपनगरी वाचकाला सांगायला नको. पगार 21 हजार 500 झाला की तो सहामाही हिशोब संपताच कुटुंब योजनेबाहेर पडतं. पाचशे रुपयांच्या वाढीने आईचं डायलिसिस बाहेर जातं. स्कूटरवाल्याचा तर यात कुणीच मालक नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला कायद्यात पहिल्यांदा नाव दिलं, पण त्याच्या वाट्याला येतं ते अनेकदा अ‍ॅपवर लॉगइन असेपर्यंतचं अपघात संरक्षण.

मध्यमवर्गाची गोष्ट निराळी. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जानेवारी 1956 मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी जाहीर केलं. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला आणि 1 सप्टेंबरला 245 कंपन्या-संस्था मिळून एलआयसी झाली. बोरिवलीत जीवन बीमा नगर नावाची अख्खी वसाहत आहे. एलआयसीची पॉलिसी घराघरांत पोचली ती शेजारच्या एजंट काकांमुळे; काका हप्त्याची आठवण करायचे आणि मृत्यूनंतर कागदही भरून द्यायचे. 1986 मध्ये सुरू झालेल्या मेडिक्लेमला असे काका फारसे लाभले नाहीत.

म्हणून इस्पितळाच्या कॅश काउंटरवर घरं हादरतात. 5 लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5 हजार असेल आणि रुग्ण 10 हजारांच्या खोलीत गेला, तर फरक फक्त खोलीचा भरावा लागेल असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर यांसारखे खर्चही निम्मेच मंजूर होऊ शकतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लागू नये, असा विमा नियामकाचा नियम आहे. डिस्चार्जच्या घाईत तो किती जणांना आठवेल? 2024 च्या नियमांनुसार कॅशलेसची विनंती तासाभरात आणि डिस्चार्जची परवानगी तीन तासांत निकाली काढायची आहे. क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. बोरिवलीहून लोकलने जाता येईल अशी ही जागा आहे, आणि ती असल्याचं माहीत नसल्याने कितीतरी माणसं नकाराचं पत्र कपाटात ठेवून गप्प बसतात.

लोकलचं तर वेगळंच. गर्दीत दारातून पडून माणूस गेला तर रेल्वे कायद्याच्या 124अ कलमानुसार कुटुंबाला 8 लाखांची भरपाई मागता येते, चूक कुणाची हे सिद्ध न करता. रूळ ओलांडताना गेला तर ती मिळत नाही. मृताच्या खिशात तिकीट सापडलं नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. याशिवाय बँक खात्यातून मेअखेरीस 20 रुपये कापले जात असतील, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख निराळे. पण विधवेला हे सांगणार कोण?

महाराष्ट्राने याचं उत्तर एका ठिकाणी शोधलं आहे. 2 जुलै 2012 रोजी मुंबई उपनगरासह आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. पुढे तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं आणि जुलै 2024 पासून ती 5 लाखांच्या मर्यादेसह सर्व कुटुंबांना खुली झाली. तिच्यातली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे इस्पितळात बसणारा आरोग्यमित्र. रेशन कार्ड, मंजुरी, कागद हे सगळं तो बघतो. असा माणूस रेल्वे पोलीस ठाण्यात, बँकेत, ईएसआयच्या दवाखान्यातही हवा.

तो नेमेपर्यंत दहीहंडी पथकांनी थांबायचं कारण नाही. त्यांच्याकडे दरवर्षी पोरांची यादी होते, आधार कार्डं जमतात. त्याच संध्याकाळी आणखी तीन रकाने भरून घ्यावेत: ईएसआय क्रमांक आहे का, 20 रुपयांची योजना चालू आहे का, आणि त्यात वारस म्हणून कुणाचं नाव आहे. तिसरा रकाना बऱ्याच वेळा रिकामा निघेल किंवा लग्नाआधी लिहिलेलं नाव तसंच असेल. ते बँकेत जाऊन बदलून घ्यायला पथकातला एक जाणता माणूस पुरे आहे.