घराच्या हिशेबात कागदाचा वाटा

‘घर पाहावे बांधून’ असे म्हण सांगते. आधी कागद पाहावा, हे ती सांगत नाही. जुन्नर-आंबेगावात घराचा सौदा ठरतो, इसार दिला जातो आणि मग कागदाचा खर्च आठवतो. हा क्रम उलटा व्हावयास हवा.

नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, कमाल ३० हजार रुपये. म्हणजे २० लाखांच्या घराला २० हजार. मुद्रांकशुल्क त्याहून भारी, आणि ते खरेदीखतातील रक्कम व सरकारी मूल्य यांपैकी जे अधिक, त्यावर पडते. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून त्यात १ टक्का सवलत आहे.

हे आकडे आधी कळतात. फसगत होते ती वकिलाकडून ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घेण्याची फी वाचविताना. डिंभे धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीवर हस्तांतरणाची अट असू शकते. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीस परवानगीवाचून घेता येत नाही. सातबारा हा महसुली उतारा. मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. विकणाऱ्यानेही वारसनोंद लावणे, कर्जाचा बोजा उतरविणे यांची तरतूद आधी करावी.

शोधाची फी जड वाटते खरी. पण आयुष्याची पुंजी कोर्टात अडकण्यापेक्षा ती हलकीच.