आमचेच वीस ग्रॅम, आम्हालाच मोफत!

आमच्या लहानपणी वाण्याच्या दुकानात गेलं की आई आधी तराजूच्या काट्याकडे बघायची. वाण्याचा अंगठा पारड्याला टेकलाय का, पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलाय का, यावर तिची करडी नजर असे. मापात पाप करणाऱ्या त्या वाण्याला निदान आईची भीती तरी होती! आता पुष्कळसा माल बंद पाकिटातच मिळतो. वाणी बिचारा निर्दोष ठरला. पाप आता कारखान्यातूनच बांधून येतं, आणि तेही वर वजन छापून, अगदी कायदेशीर!

झालं असं, आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाई सकाळच्या चहाबरोबर आपल्या दोन मुलांना दहा रुपयांचा बिस्किटांचा पुडा फोडून देतात. परवा भांडी घासता घासता म्हणाल्या, "वहिनी, हल्ली पोरं फार भांडतात बघा. बिस्किटं पुरतच नाहीत. धाकटा म्हणतो, दादा चोरून खातो. काल मी थोरल्याला एक धपाटा घातला."

पाचवीच्या वर्गाला वजन-मापं शिकवायला मी रिकामी वेष्टनं जपून ठेवते. त्यात तोच जुना पुडा निघाला. नव्याशी ताडून पाहिला. रंग तोच, चित्र तेच, किंमत तीच, दहा रुपये. फक्त कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरांत १०० ग्रॅमचे ८० ग्रॅम झाले होते! चोर सापडला, बायांनो. धपाटा मात्र भलत्यालाच बसला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात हेच गणित घातलं. "वजन वीस टक्क्यांनी घटलं, तर भाव किती वाढला?" सगळा वर्ग ओरडला, "वीस टक्के!" तुम्हीही तेच म्हणालात ना? आता नीट मांडून बघा. आधी ग्रॅमला दहा पैसे पडत होते, आता साडेबारा. म्हणजे भाव वाढला पंचवीस टक्क्यांनी! किंमत वाढवली असती तर आपण कुरकुरलो असतो, दुसरा पुडा घेतला असता. म्हणून किंमतीला हात न लावता आपल्या ताटाला लावला.

पण खरी गंमत पुढेच आहे. महिन्याभराने त्याच पुड्यावर लाल पट्टा झळकला : '२५ टक्के जादा, मोफत!' ऐंशीचे पंचवीस टक्के किती? वीस. म्हणजे पुडा पुन्हा शंभर ग्रॅमचा! आमच्याच घरातले वीस ग्रॅम उचलून नेले आणि आमच्याच ताटात ओवाळणी म्हणून घातले! अशा दानशूरांपुढे कर्णानेही मान खाली घालावी.

तुम्ही म्हणाल, याला कायदा नाही का? होता. चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा वस्तू ठरावीक वजनांच्याच पाकिटांत विकायच्या, असा नियम होता. पुढे ती ठरावीक वजनं काढून टाकली आणि त्याऐवजी पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापायला लावला. म्हणजे शस्त्र आपल्या हाती दिलंय, पण ते इतक्या बारीक अक्षरांत की शोधायला चष्मा लागतो. तरी शोधाच. मोठा पुडा नेहमी स्वस्तच असतो, हा आपला भ्रमही त्या एका आकड्याने उतरतो.

नावांचीही अशीच हातचलाखी. मुलांनी हट्ट केला म्हणून आइस्क्रीम आणावं, तर डब्यावर लिहिलेलं असतं 'फ्रोझन डेझर्ट'. आइस्क्रीममध्ये स्निग्धांश दुधाचा हवा. यात वनस्पती तेल चालतं. वडीवर 'टॉयलेट सोप'ऐवजी 'बाथिंग बार' लिहिलं असेल, तर त्यात खऱ्या साबणाचा अंश कमी असला तरी चालतो. वास मात्र दोन्हींना गुलाबाचाच!

आणि मोबाइलवरची खरेदी? तिथला दुकानदार दिसत नाही, पण कानाशी सतत बोलतो. 'फक्त दोन शिल्लक! दहा मिनिटांत संपेल!' न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत येऊन बसते. नको म्हणावं तर बटणावर लिहिलेलं, 'मला बचत करायची नाही.' घ्या, वर आपणच उधळ्या! अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांना मनाई केली आहे. तेव्हा फसवलं गेल्यास गप्प बसू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि ती करायला वकील लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा. नुसत्या संतापाला पुरावा लागतो.

आमचे 'हे' हसले. म्हणाले, "दोन बिस्किटांसाठी एवढं रामायण?" मी म्हटलं, अहो, आपल्या घरी दोन बिस्किटं कमी पडली तर कुणाला कळतही नाही. पण दहाच्या नोटेत ज्यांचा सकाळचा नाश्ता बसवलेला असतो, त्या घरी ती कुणाच्या तरी तोंडातूनच कमी होतात. मोठी पाकिटं घेणारीपेक्षा दहाचा पुडा घेणारीच यात जास्त भरडली जाते, कारण तिला दुसरं काही परवडतच नाही.

दोन्ही पुडे मी बाईंच्या हातात ठेवले आणि आकडे दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरगं खरं बोलत होतं, वहिनी." त्या संध्याकाळी थोरल्याला आईने जवळ घेतलं असेल. तो धपाटा मात्र कुठलीही कंपनी परत घेणार नाही.