‘कफ आहे’ म्हणजे किती आणि कसला?

‘कफ भरपूर’ अशी नोंद कोणत्याही वॉर्डात रोज दिसते. पण सकाळच्या सिस्टरला जो कफ भरपूर वाटतो, तोच रात्रपाळीच्या सिस्टरला मध्यम वाटतो. पेशंट तोच, कफ तोच, शब्द मात्र बदलला. राउंडला आलेले डॉक्टर चार्ट बघून कफ कमी झाला असे समजतात. उलटही होते. कफ खरोखर वाढलेला असतो, पण दोन्ही पाळ्यांत ‘भरपूर’च लिहिलेले, म्हणून वाढ कोणाच्या लक्षात येत नाही.

गळ्याला छेद देऊन नळी बसवलेल्या पेशंटच्या तर हे जिवावर बेतते. नाकातून जाणारी हवा नाकच गरम आणि ओलसर करते. गळ्याच्या नळीतून हवा कोरडीच आत जाते, कफ चिकट होतो, वाळतो आणि नळीत अडकतो. नळी बंद म्हणजे श्वास बंद. कफ घट्ट होत चाललाय हे आदल्या पाळीच्या नोंदीतून कळले, तर हवेला ओलावा देता येतो, नळी वेळेत साफ करता येते.

घट्टपणा मोजायला साधी रीत आहे. कफ ओढल्यावर सक्शनची नळी आतून स्वच्छ राहिली, तर कफ पातळ. चिकटला पण पाणी ओढल्यावर धुऊन गेला, तर मध्यम. पाणी ओढूनही चिकटूनच राहिला, तर घट्ट. इथे कोणाला काय वाटते याचा प्रश्नच येत नाही. ‘भरपूर’ऐवजी पाळीत किती वेळा सक्शन करावे लागले तो आकडा लिहायचा. रंग, वास लिहायचा. रक्त नसेल तर ‘रक्त नाही’ असेही लिहायचे. कोरी जागा पाहून पुढच्या सिस्टरला काय समजणार?

टीबीच्या तपासणीत ही शिस्त आधीपासून आहे. नमुना नुसती लाळ आहे, पू मिसळलेला बेडका आहे की रक्तमिश्रित, याची नोंद होते. सूक्ष्मदर्शकाखाली १०० जागा पाहून १ ते ९ जंतू दिसले तर आकडाच लिहितात, १० ते ९९ दिसले तर ‘१+’. गडचिरोलीत असो की मुंबईत, ‘१+’चा अर्थ एकच.

आता घरचे बघू. दोन आठवडे खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासायला द्या, तपासणी मोफत आहे. डबीत थुंकी देऊ नका. आधी साध्या पाण्याने चूळ भरा (मिश्री किंवा गुटख्याचा रंग नमुन्यात उतरतो), खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा. सकाळी उठल्याउठल्या काढलेला चांगला.

डॉक्टरांना ‘छाती भरलीय’ एवढेच सांगू नका. दिवसभरात किती चमचे पडतो, पांढरा की पिवळा, तार धरतो का, कधीपासून बदलला, ते सांगा. केसपेपर काढायच्या रांगेत तासभर उभे राहून आत दोन मिनिटे मिळतात, तेव्हा हेच चार शब्द कामी येतात. हिरवा बेडका दिसला की काही जण मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात. तो रंग रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. नुसत्या रंगावरून औषध ठरत नाही.

बेडक्यात रक्त दिसले, मग ते थोडे का असेना, दाखवून घ्या. रक्ताची गुळणी पडली किंवा गुलाबी फेस येऊन दम लागला, तर सकाळची वाट बघू नका, १०८ला फोन करा.

घरी गळ्याच्या नळीचा पेशंट असेल तर एक वही ठेवा. वेळ, किती वेळा ओढला, पातळ-मध्यम-घट्ट, रंग, एवढेच लिहायचे. आई लिहो की शाळेत जाणारी मुलगी, शब्द तेच ठेवा, आणि तपासणीला जाताना वही बरोबर घ्या.