दाराजवळचे लाल नळकांडे

संग्रामपूरचा मुलूख कापसाचा. वेचणी झाली की घराघरांत कापूस साठतो. त्याच घराच्या ओसरीवर कुणी वेल्डिंग करतो, कुणी सुतारकाम, तर कुणी पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. एक ठिणगी कापसात पडली तर वर्षाची मेहनत जाते. बंब बाहेरगावाहून यायचा म्हणजे वेळ लागणारच. पहिली दोन मिनिटे आपल्याच हातात असतात. म्हणून कामाच्या जागी आग विझवायचे लाल नळकांडे हवे. बाजारात त्याला फायर सिलिंडर म्हणतात.

कोणते घ्यायचे? ज्यावर इंग्रजी ए, बी, सी ही तीन अक्षरे आहेत, ते पावडरचे घ्या. ए म्हणजे लाकूड, कापूस, कापड यांची आग. बी म्हणजे डिझेल, रॉकेल, थिनर यांची. सी म्हणजे गॅसची. विजेच्या आगीवरही ही पावडर चालते. पण आधी मेन स्विच बंद करा. पेटत्या तेलावर पाणी टाकाल तर आग पसरते. चालू विजेवर टाकाल तर झटका बसतो. ओसरीवरच्या कामाला ४ किंवा ६ किलोचे पुरते. आयएसआयची खूण आणि १५६८३ हा आकडा पाहूनच पैसे द्या. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या मुलाला वाचायला लावा. त्यात लाज कसली?

ते ठेवायचे कुठे? दाराजवळ, हात पोहोचेल असे टांगा. कोपऱ्यात, पोत्यांमागे ठेवले तर आगीच्या वेळी तिथवर जाता येत नाही.

वापरायचे कसे? दार पाठीशी ठेवून सहा-सात फुटांवर उभे राहा. पिन ओढा. नळीचे तोंड आगीच्या बुडाशी धरा, ज्वाळांवर नाही. मूठ दाबा आणि झाडू मारावा तशी नळी फिरवा. पावडर अर्ध्या मिनिटाच्या आतच संपते. तेवढ्यात आग आटोपली नाही तर माणसे बाहेर काढा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. माल पुन्हा मिळेल, माणूस मिळणार नाही.

कापसाची आग मात्र लबाड असते. वरून विझली तरी आत धुमसत राहते. पावडर तिला गार करीत नाही. म्हणून ढीग बाहेर ओढून पसरा आणि पाण्याने चिंब भिजवा. पाण्याचा पिंप नेहमी भरलेला असू द्या.

आता निगा. दर महिन्याच्या १ तारखेला नळकांडे पाहा. मानेजवळच्या तबकडीचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना? पिन आणि सील जागेवर आहे ना? नळीत कुंभारीण माशीने घर तर केले नाही ना? कुठे गंज चढला आहे का? काटा खाली आला, किंवा चिठ्ठीवरची तारीख संपली, तर जाणकाराकडून भरून घ्या. एकदा थोडेसे जरी वापरले तरी उरलेल्यावर विसंबू नका. दाब हळूहळू निघून जातो.

रिकामे नळकांडे भिंतीवर टांगून काय उपयोग? तहान लागल्यावर विहीर खणू नये. आजच उठून काटा पाहा.