समुद्र कुठं, पिंगळी कुठं? ‘गुलाब’ चक्रीवादळाची गोष्ट



चक्रीवादळाचा पाठ शिकवताना आपल्या पिंगळीची मुलं हमखास विचारतात, “पण आपल्याकडं कुठं समुद्र आहे?” या प्रश्नाचं उत्तर सप्टेंबर २०२१ मध्ये मिळालं.

चक्रीवादळ समुद्राच्या उबेवर जगतं. पाणी साधारण २६-२७ अंश सेल्सिअसच्या वर तापलं की भरपूर वाफ वर चढते. तिचे ढग होताना उष्णता बाहेर पडते, हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो आणि भोवतालची हवा आत धावते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ही हवा सरळ न येता गोल फिरत येते. प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात अशा जोरदार वादळाला ‘टायफून’ म्हणतात. तिथे उबदार पाण्याचा पसारा मोठा, म्हणून वादळंही मोठी. २०१३ च्या ‘हैयान’ टायफूनने फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक बळी घेतले.

त्यामानाने ‘गुलाब’ लहानच. बंगालच्या उपसागरात तयार झालेलं हे वादळ २६ सप्टेंबरला आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटर होता. जमिनीवर येताच वाफेचा पुरवठा तुटला आणि वारा मंदावला. पण ढगांतलं पाणी थोडंच संपलं होतं! किनाऱ्यापासून परभणी सातशेहून जास्त किलोमीटर दूर. तरीही तेलंगणामार्गे आलेल्या त्या ढगांनी मराठवाड्याला झोडपलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नद्यांना पूर आले आणि काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं.

गोष्ट इथंच संपत नाही. उरलेलं कमी दाबाचं क्षेत्र गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं. तिथे पुन्हा ऊब मिळाली, पुन्हा वादळ झालं. त्याचं नाव ‘शाहीन’. ३ ऑक्टोबरला ते ओमानवर धडकलं, तेही ‘गुलाब’पेक्षा जास्त जोरानं.

वर्गात नकाशावर कलिंगपट्टणम, परभणी, गुजरात आणि ओमान ही ठिकाणं मुलांना दोऱ्यानं जोडायला सांगा. मग विचारा, “वारा कुठं थांबला? पाऊस कुठं थांबला?” दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत, हे मुलांच्या लक्षात येईल.

पालकांनीही एवढं ध्यानात ठेवावं : बातम्यांत ‘वादळ कमजोर झालं’ म्हणतात, तेव्हा बहुधा वाऱ्याबद्दल बोलणं चाललेलं असतं. आपण पावसाचा इशारा वेगळा बघावा. सोयाबीन कापून शेतात पसरायचं, की आणखी दोन दिवस थांबायचं, हे त्यावरच ठरतं.